टेलिफोनची खरखर आणि इंटरनेटची तार

घरांत नवें यंत्र आलें आणि जुनें बिघडलें, म्हणजे घरची मंडळी ताबडतोब नव्याला दोष देतात. आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल, तर तें स्वतःलाच दोष देऊन मोकळें होतें. पुण्याच्या एका पेठेंतील घरीं २०१० च्या सुमारास या दोन्ही गोष्टी घडल्या.

घर दुमजली. खालीं मुलगा, सून व नातू. वरच्या खोलींत एकट्या आजीबाई. त्यांच्या उशाशीं टेलिफोन असे, आणि दर रविवारीं सकाळीं नागपूरहून त्यांच्या मुलीचा फोन येई. डॉक्टरांचा नंबरहि त्या टेलिफोनवरच चिकटविलेला होता. खालच्या दिवाणखान्यांत इंटरनेटचा राउटर बसला, आणि त्या आठवड्यापासून मुलीचें बोलणें पत्र्यावर पाऊस पडावा तशा खरखरींतून ऐकूं येऊं लागलें. खालच्या टेलिफोनवर मात्र आवाज स्वच्छ. तेव्हां सर्वांनीं, आणि आजीबाईंनींहि, असें ठरविलें कीं बिघाड कानांत आहे. दोन रविवार त्यांनीं फोन उचललाच नाहीं. ‘तिला उगीच ओरडावें लागतें,’ एवढेंच त्या म्हणत.

इकडे इंटरनेटचीहि तक्रार होतीच. वरची घंटा वाजली कीं तें तुटे. मुलानें राउटर बदलून दुसरा आणला, फरक शून्य. नवा राउटर विकत आणणें सोपें. तारेच्या मागें घरभर फिरणें कोणास नको असतें.

मुंबईस टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीं उघडलें. तेव्हांपासून तारेवरून माणसाचा आवाज जात आला आहे, आणि त्याला सेकंदास सुमारें ३०० ते ३,४०० कंपनें पुरतात. त्यावरचा विस्तीर्ण प्रदेश मोकळाच पडून होता. डीएसएल नांवाच्या पद्धतीनें तो व्यापला. सुमारें २५ हजारांपासून ११ लाखांपर्यंतचीं, आणि पुढें सुधारलेल्या प्रकारांत २२ लाखांपर्यंतचीं कंपनें त्याच तारेवरून इंटरनेट वाहूं लागलीं. एका वाटेनें दोघे चालले, पण एकमेकांच्या अंगास लागले नाहींत, असा हा प्रकार.

येथें चाणाक्ष श्रोता विचारील कीं, मनुष्याच्या कानास २० हजारांवरचीं कंपनें ऐकूं येत नाहींत, मग खरखर कसली? तिचा उगम टेलिफोनच्या पोटांत आहे. त्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग त्या द्रुत लहरींचें कांहीं अंशीं ऐकूं येण्याजोग्या ध्वनींत रूपांतर करतात. उलट घंटा वाजली किंवा रिसीव्हर उचलला कीं तारेवरील विजेची स्थिति एकदम पालटते व राउटरचा एक्स्चेंजशीं संबंध तुटतो. म्हणून दोघांच्या मध्यें स्प्लिटर नांवाची काडेपेटीएवढी डबी बसवितात. तिला तीन भोकें: एकांत बाहेरची लाइन, एकांत राउटर, एकांत टेलिफोन. टेलिफोनच्या बाजूस ती फक्त मंद कंपनेंच जाऊं देते. अशी डबी त्या दिवाणखान्यांत होती, आणि बरोबर जोडलेली होती!

शेजारीं टेलिफोन खात्यांतून निवृत्त झालेले एक लाइनमन राहत. त्यांनीं प्रथम नातवाकडून राउटर बंद करविला व वरच्या टेलिफोनला कान लावला. खरखर नाहीं. राउटर चालू केला, खरखर हजर. राउटर बंद असतांनाहि ती राहिली असती, तर त्यांनीं पावसानें भिजलेला किंवा गंजलेला सांधा शोधला असता. मग त्यांनीं आजीबाईंचाच टेलिफोन खालीं आणून स्प्लिटरला लावला व रिसीव्हर त्यांच्या हातीं दिला.

‘वहिनी, ऐका बरें.’

‘भावजी, हा तर अगदीं स्वच्छ आहे!’

‘मग कान तुमचे ठीक आहेत. तारच आडवाटेनें गेली आहे.’

ती आडवाट गॅलरींत सांपडली. खांबावरून आलेली तार तेथें एका जुन्या लांकडी फळीवर, रंगाच्या चार थरांखालीं, दुभागली होती. एक फांटा दिवाणखान्यांत, दुसरा परभारें वरच्या खोलींत. स्प्लिटर होता पहिल्या फांट्यावर. दुसऱ्या फांट्यावर इंटरनेटच्या साऱ्या लहरी विनाअडथळा आजीबाईंच्या उशाशीं पोंचत होत्या.

स्प्लिटर फळीपाशीं आणून दोन्ही टेलिफोन त्याच्या मागें घेणें हा पक्का उपाय. पण त्यासाठीं राउटरला वेगळी तार ओढावी लागती. लाइनमननीं वरच्या टेलिफोनला स्वतंत्र फिल्टर लावला, आणि हिरवा पडलेला सांधा घांसून पुन्हां बांधला. पुढच्या रविवारीं आजीबाईंनीं मुलीस पहिलेंच सांगितलें तें, ‘हळू बोल.’

कांहीं वर्षांनीं त्या घरीं तांब्याची तार जाऊन फायबर आलें. टेलिफोन आतां भिंतीवरील नव्या यंत्रालाच जोडतात. फिल्टरची गरज उरली नाहीं. परंतु जुन्या तारेवरून एक्स्चेंज सुमारें ४८ व्होल्ट वीजहि पाठवी, म्हणून अंधारांतहि टेलिफोन बोले. कांचेच्या तंतूंतून वीज येत नाहीं. घरची वीज गेली कीं टेलिफोन मुका. त्या यंत्राशेजारीं बॅटरीवर चालणारा छोटा यूपीएस ठेवला गेला, आणि तो चार्ज झाला आहे कीं नाहीं, हें आजीबाई दर शनिवारीं रात्रीं नातवाला विचारीत.