कलर मोठा की सिक्वेन्स?

कोकणात गणपतीत जागरण असतं, आणि आरत्या-भजनं आटोपली की माजघरात कुठंतरी पत्त्यांची चटई पडते. आमच्या वाडीत मुसलमानांची घरं चारच, पण शेजारच्या गणपतीला आम्ही पोरं रात्रभर असायचो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी अशाच एका रात्री मी तीन पत्तीला बसलो. खिशात कॉलेजच्या फीचा हप्ता होता.

मला तीन बदाम आले. एक्का, नव्वी आणि तिर्री. कुठल्याशा इंग्रजी कादंबरीत वाचलं होतं की, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. झालं! मी चाली वाढवत गेलो. शो झाला. समोरच्यानं पंजी, छक्की, सत्ती टाकली, तिन्ही वेगळ्या रंगांची. मी पैसे ओढायला हात पुढं केला, तर सगळे हसले. "अरे, सिक्वेन्स मोठा!"

श्रोतेहो, पुस्तक खोटं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. पानांचा मान त्यांच्या दुर्मीळपणावर ठरतो. बावन्न पत्त्यांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत नुसते कलर ५,१०८ आणि नुसते सिक्वेन्स १०,२००. म्हणून पोकरमध्ये कलर वरचढ. तीन पानांचे हात मात्र २२,१०० च. त्यांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. दोन पानं कमी झाली आणि मान उलटला. सिक्वेन्समध्ये प्रत्येक वाढीव पानाला चारही रंगांची मोकळीक असते, त्यामुळे पानागणिक संख्या जवळजवळ चौपट होते. कलरला ती मोकळीक नाही.

पण तीन पत्तीचं सगळंच गणितात बसत नाही. ट्रेल, म्हणजे तीन एक्के किंवा तीन गुलाम, सर्वांत मोठी. अशा ट्रेल ५२. तिच्याखालचे प्युअर सिक्वेन्स मात्र ४८ च! क्रम खरं तर उलटा हवा. मला वाटतं, तीन सारखे चेहरे शेजारी पाहताना माणूस मोजत बसला नसावा. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात तर १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का. तिथं बसलो असतो तर अंगावरचा सदराही गेला असता.

सकाळी अब्बांना म्हटलं, "फी हरवली." ते मोसमात आंब्याच्या पेट्या ठोकायचे, पावसाळ्यात हाताला काम नसायचं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हरवली, की हरलास?"

मी गप्प. जुगार हराम, हे मला त्यांनीच शिकवलेलं. ते पुन्हा काही बोलले नाहीत. आठवड्यानं कुठूनशी तेवढीच रक्कम घेऊन माझ्याबरोबर कॉलेजच्या खिडकीपर्यंत चालत आले, स्वतःच्या हातानं पैसे भरले आणि पावती आपल्या खिशात घातली. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत ती सापडली, निकाहनाम्याच्या घडीत ठेवलेली.