दोघींची दोन नावं



मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळत नाही, हे गाऱ्हाणं आपण रंगकर्मी, चित्रकर्मी दरवर्षी या अधिवेशनात मांडतो आणि ते रास्तच आहे. आज मात्र मी आपल्या घरातल्या गोष्टीवर बोलणार आहे. एकाच घरातून या धंद्यात आलेल्या दोन बहिणी, त्यातही जुळ्या, त्यांचं पुढे होतं काय?

आपल्या पडद्याला जुळ्यांचं भारी वेड. 1972 मध्ये ‘सीता और गीता’ आला, 1989 मध्ये ‘चालबाज’. पण दोन्हीकडे दोन बहिणींचं काम एकाच नटीने केलं, आधी हेमामालिनीने, मग श्रीदेवीने. डबल रोलमध्ये नटीला दुप्पट वाव आणि प्रेक्षकाला लाडक्या चेहऱ्याचं दुप्पट दर्शन. पाठमोरी उभी राहणारी बॉडी डबल कोण, हे कुणी विचारत नाही. खऱ्या जुळ्यांना त्यात जागाच उरत नाही.

वर्सोव्याच्या आराम नगरात ऑडिशनला उभं राहा. मागे साधी भिंत, पुढे कॅमेरा. नाव सांगा, उंची सांगा, लेफ्ट प्रोफाइल, राइट प्रोफाइल, हात दाखवा, नेक्स्ट. जिथे माणसाची ओळख म्हणजे चेहरा, तिथे तोच चेहरा घेऊन आलेली दुसरी मुलगी करणार काय? एकीला काम मिळालं की दुसरी आपोआप बाद.

मग उरतं ते आपला चित्रपट आपणच करणं. कॅनडातल्या जेन आणि सिल्व्हिया सोस्का या जुळ्या बहिणींनी तेच केलं. 2009 च्या पहिल्या चित्रपटात लिहिणं, दिग्दर्शन आणि पडद्यावर उभं राहणं, सगळं दोघींनी मिळून पेललं. 2012 च्या ‘अमेरिकन मेरी’ने भयपटांच्या दुनियेत त्यांचं नाव झालं.

आपल्याकडे जुळ्या नसतील, पण बहिणी आहेत. 1960 चा ‘छबिली’ घ्या. दिग्दर्शन शोभना समर्थ यांचं आणि पडद्यावर त्यांच्या दोन लेकी, नूतन आणि तनुजा. त्याच्या दहा वर्षं आधी ‘हमारी बेटी’तून नूतनला नायिका म्हणून उभं केलं तेही आईनेच. मराठी घरातल्या बाईने त्या काळात एवढा डोलारा उभा केला, त्याचं आपण पुरेसं कौतुक केलेलं नाही. पुढे पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींत दुरावा आला आणि तो कित्येक वर्षं राहिला, हेही त्याच इतिहासाचं पान आहे.

घरचा चित्रपट म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. सोसायटीच्या सेक्रेटरीला मस्का लावून दोन दिवसांची परवानगी काढायची. हॉलमधला सोफा आतल्या खोलीत. टेक रंगात येतो आणि खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते. कॅमेऱ्यापुढे एक बहीण असते. दुसरी कंटिन्युटी बघते, पोहे करते, भाड्याच्या लाइट्सचे पैसे देते, रात्री फुटेज हार्ड डिस्कवर उतरवते. चित्रपट पूर्ण होतो, महोत्सवात जातो, आणि त्या दुसरीचं नाव येतं कुठे? ‘विशेष आभार’ या पाटीखाली!

मित्रहो, माझा आक्षेप या पाटीला आहे. केलेलं काम हे काम असतं, माया नव्हे. याचा उत्तम दाखला रीमा दास यांचा. आसामची ही मुलगी नटी व्हायला मुंबईत आली आणि चित्रपटकर्ती झाली. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चं लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती सगळं तिचं. ध्वनिमुद्रण मात्र तिच्या नात्यातल्या बहिणीने, मल्लिका दासने केलं. 2018 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि संकलनाबरोबर लोकेशन साउंडचाही पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, आणि तो मल्लिकाच्या नावावर. घरच्यांची मदत म्हणून ते काम झाकलं असतं, तर परीक्षकांना ते दिसलं असतं का?

यात नुसत्या मानाचा प्रश्न नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो. म्हणजे दोघींनी पदरचे पैसे घातले आणि कागदावर एकीचंच नाव लागलं, तर उद्या ओटीटीवाला दारात आल्यावर दुसरीच्या हाती काय? तेव्हा पटकथेची नोंदणी करताना, ती दोघींनी लिहिली असेल, तर दोन्ही नावं घाला. कुणी किती पैसे घातले, आले तर कसे वाटायचे, हे शूटिंगच्या आधी पानभर लिहून त्यावर सह्या करा. बहिणीकडून सही घेताना अवघडल्यासारखं होतं, मान्य आहे. पण ‘पैसे आले की बघू’ हे वाक्य मी या धंद्यात भांडणाच्या आधीच ऐकलेलं आहे.

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो. पुढच्या वर्षीपासून आपल्या लघुपट विभागात प्रत्येक प्रवेशिकेबरोबर सह्यांची श्रेयनामावली सक्तीची असावी, आणि तिच्यात ‘विशेष आभार’ या रकान्यात काम केलेल्या माणसाचं नाव चालणार नाही. अनुमोदक पुढे यावेत. सूचना एका बहिणीची आणि अनुमोदन दुसरीचं असेल, तर मला अधिक आनंद होईल. फक्त इतिवृत्तात नावं दोन लिहा.