मूरो लुकानोचा शिंपी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सायंसभेंतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं हें मंदिर उभारणाऱ्या आपल्या पूर्वजांचें स्मरण झालें, तें योग्यच झालें. मी आपणांस थोडा वेळ एका दूरच्या गांवीं नेणार आहें.

दक्षिण इटलींतील बासिलिकाता प्रांतांत मूरो लुकानो नांवाचें लहानसें गांव डोंगराच्या उतरणीवर वसलें आहे. माथ्यावर जुना किल्ला, त्याखालीं एकावर एक रचल्यासारखीं घरें, आणि अरुंद, चढणीच्या वाटा. ‘मूरो’ म्हणजे भिंत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गरीब प्रांतांतून हजारों माणसें पोटासाठीं अमेरिकेस गेलीं. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपानें त्या मुलखांत अडीच हजारांहून अधिक बळी घेतले. या गांवासहि मोठा तडाखा बसला.

या गांवीं ६ एप्रिल १७२६ रोजीं एका शिंप्याच्या घरीं संत जेरार्ड माजेला जन्मले. बाराव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. त्यांनीं पित्याचाच धंदा पत्करला. पुढें स्वतःचें दुकान मांडल्यावर मिळकतीचे ते तीन वांटे करीत : एक मातेचा, एक गोरगरिबांचा, आणि एक शुद्धिस्थानांतील आत्म्यांसाठीं मिस्सा अर्पिण्याचा. १७४९ सालीं रेडेम्प्टरिस्ट धर्मगुरु गांवीं आले असतां, त्यांच्याबरोबर जाऊं नये म्हणून मातेनें त्यांस खोलींत कोंडलें; ते चादरींच्या दोरीनें खिडकींतून उतरून गेले. १७५२ सालीं त्यांनीं व्रतें घेतलीं.

परंतु बंधुभगिनींनो, ज्यासाठीं मीं ही कथा आरंभिली, तें पुढेंच आहे. १७५४ सालीं एका तरुणीनें त्यांच्या शीलावर आळ घेतला. संस्थापक संत आल्फोन्स यांनीं त्यांस बोलावून विचारिलें. जेरार्ड निरुत्तर राहिले. शिक्षा झाली : ख्रिस्तप्रसाद बंद, बाहेरच्यांशीं बोलणें बंद. कांहीं महिन्यांनीं त्या तरुणीनेंच आपलें असत्य कबूल केलें. ‘तेव्हांच कां बोलला नाहींत?’ असें विचारतां, आपली बाजू मांडूं नये असा संघाचा नियम आहे, एवढेंच त्यांनीं नम्रपणें सांगितलें. १६ ऑक्टोबर १७५५ रोजीं, अवघ्या २९ व्या वर्षीं, ते क्षयानें मातेरदोमिनी येथें निवर्तले. ११ डिसेंबर १९०४ रोजीं दहावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. आज गरोदर माता त्यांचा धांवा करितात.

लक्षांत घ्या, येथें शिक्षा देणारे कोणी दुष्ट नव्हते. तेहि संतच होते. मग आपण कोण? आपल्या ओटीवर, विहिरीच्या कांठीं, मिस्सा सुटल्यावर मंदिराच्या आवारांत, किती शीलांचा निवाडा आपण शहानिशा न करितां करितों! जेरार्ड यांचें मौन हें त्यांचें स्वतःचें व्रत होतें. परंतु निरपराध शेजाऱ्यावर आळ येत असतां आपण धरलेलें मौन हें व्रत नव्हे, तें पाप आहे. आणि ज्यावर आळ आला आहे त्यास ‘तूं जेरार्डसारखा गप्प रहा’ असें सांगण्याचा अधिकार आपणांस मुळींच नाहीं.

या पन्नास वर्षांत आपल्या मंदिरास कितीदां रंग लागला. परंतु आपल्या बोलण्यामुळें ज्यानें मंदिराची पायरी सोडली, असा एखादा बंधु वा भगिनी आपल्या आळींत असेल, तर महोत्सव अद्याप पुरा झाला नाहीं. येत्या रविवारापूर्वीं त्यांच्या दारीं जा, चुकलों म्हणा, आणि त्यांस सन्मानानें घेऊन या.

संत जेरार्ड, आम्हांसाठीं विनंती कर.