बोटांनी वाचायची पऱ्हाटीची गोष्ट



ज्या लेकराला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला घरात आपण दिवसभर एकच सांगतो, हात लावू नको. चूल आहे, विळा आहे, सांडेल, लागेल. सांगतो मायेनंच. पण त्याचे हात हेच त्याचे डोळे. हात आवरले, की शिकणंही थांबतं.

आमच्या आळीतली सात वर्षांची मुलगी अशीच ओट्यावर बसून असायची. तिच्यासाठी आम्ही गटातल्या बायांनी एक पुस्तक शिवलं. गोष्ट आपल्या ओळखीची : सीतादहीच्या दिवशी माय लेकीला कापूस वेचायला नेते.

जुन्या पुठ्ठ्याची पानं, त्यांना कापडी खिसे. एका खिशात सरकी, दुसऱ्यात वाळलेलं मिटलेलं बोंड, तिसऱ्यात फुटलेलं बोंड, चौथ्यात रुई, पाचव्यात सुती कापडाचा तुकडा. गोष्ट पुढे सरकते तशी वस्तू लेकराच्या हातात द्यायची.

एवढ्यात सगळे विषय येतात. मऊ, खरखरीत, टोकदार हे शब्द म्हणजे भाषा. दहा-दहा सरक्यांच्या पुरचुंड्या बांधा. तीन पुरचुंड्या आणि चार सुट्या म्हणजे चौतीस, हे गणित. फुटलेल्या बोंडातले कप्पे मोजायला लावा. सरकी ओल्या फडक्यात ठेवा. काही दिवसांनी मोड बोटाला लागतो, ते विज्ञान. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मूर्तिजापूर, अचलपूर आणि यवतमाळला गाठी मारा. ही शकुंतला रेल्वेची वाट, हिच्यावरून वऱ्हाडचा कापूस जायचा. झाला भूगोल आणि इतिहासही.

थोडंफार दिसणाऱ्या लेकरासाठी रुईमागे काळं कापड लावा, पांढरं उठून दिसतं. भावंडांनाही डोळे मिटून सोबत बसवा. आमच्याकडे डोळस पोरं चुकली आणि ही मुलगी त्यांना सांगू लागली. ओट्यावरची पोर त्या दिवशी मास्तरीण झाली.

एक सांभाळा. पेरणीच्या पाकिटातलं रंगीत बियाणं वापरू नका, त्याला औषध लावलेलं असतं. घरच्या कापसाची सरकी घ्या, लहानग्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका. वाळक्या बोंडाची टोकं बोचतात, ती आधी घासून घ्या.

हे पुस्तक शाळेच्या बदल्यात नाही, शाळेची वाट सोपी करायला आहे. ब्रेल लिपी सहा ठिपक्यांची. तुरीचे सहा दाणे चिकटवून ठिपक्यांची ओळख घरी होते, पण ती शिकवायला जाणकार शिक्षकच हवा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकाची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही.

आणि कुणी म्हणालं, "याला शिकवून काय होणार?" तर गुलाबराव महाराजांचं नाव सांगा. १८८१ साली आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मले, तान्हेपणीच दृष्टी गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्यांना वाचून दाखवणारं कुणीतरी होतं, हे विसरू नका.

आपल्या गल्लीत असं लेकरू असेल तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. जाताना मूठभर कापूस न्या.

रामराम.