रात्री अर्धपोटी झोपलो, तरी सकाळी साखर कशी वाढली?

मधुमेहाच्या तपासणीला येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. ‘डॉक्टर, रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. झोपताना साखर १४० होती, सकाळी उपाशीपोटी १८०!’ घरच्यांना वाटतं, यांनी रात्री चोरून काहीतरी खाल्लं. हा संशय बहुतेकदा अन्यायाचा असतो.

सुरुवातीच्या गाढ झोपेत मेंदूच्या तळाची पियूषिका ग्रंथी वाढीचं संप्रेरक सोडते. पहाटेकडे कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक चढू लागतं. दोघांची ओढ इन्सुलिनच्या उलट. यकृत साखर सोडत राहतं आणि स्नायू ती उचलायला कुचराई करतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून हिशेब जुळवतं. मधुमेहात ते जमत नाही.

पियूषिकेचा हा हात ओळखला अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांनी. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पियूषिकाही काढली, तर त्याचा मधुमेह सौम्य होतो, असं त्यांना आढळलं. १९४७चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला विभागून मिळालं. मला ही जोडी फार अर्थपूर्ण वाटते. उसाय यांनी साखरेवर हुकूम कोणाचा हे पाहिलं, कोरींनी ती जाते कुठे हे शोधलं.

स्नायूत आणि यकृतात साखर ग्लायकोजेन होऊन साठते. यकृत आपला साठा रक्ताला परत देतं. स्नायूला ते करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही. अ‍ॅड्रेनॅलिन आलं की स्नायूतलं ग्लायकोजेन तुटतं. त्यातून झालेलं लॅक्टेट यकृतात पोचतं आणि तिथे पुन्हा साखर बनते. कॉर्टिसॉल तर स्नायूतली प्रथिनंच मोडून यकृताला साखरेसाठी कच्चा माल पुरवतं. दीर्घकाळ कॉर्टिसॉलसारखी स्टिरॉइडं घेणाऱ्यांची साखर वाढते आणि जमिनीवरून उठताना त्यांच्या मांड्यांत बळ उरत नाही, ते यामुळेच. (पण म्हणून या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं आहे.)

जेवणानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीत आत दडलेले असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या पडद्यावर येऊन साखर आत घेतात. स्नायूत चरबी साचली की हा निरोप वाटेतच अडतो.

आणि मुळात स्नायूच कमी असेल तर? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. तूट होती ती मुख्यतः मांसात, चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक यांनी सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचं आपलंच छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. ‘मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे सांगतो.

एक दार मात्र उघडं राहतं. स्नायू आकुंचन पावला की ग्लूट-४ इन्सुलिनच्या निरोपाविनाही पडद्यावर येतं. ती वाट निराळी आहे. इन्सुलिनची वाट अडलेली असली तरी ही चालू असते. चालणं, जिना, उठाबशा कशानेही ती उघडते. शिवाय राबलेला स्नायू पुढचा दिवस-दोन दिवस इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी मात्र साखर फार उतरली तर म्हणून फिरायला निघताना खिशात साखरेची पुडी ठेवावी.