वेलीचे पाय

श्रोतेहो, नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागेत गेलात, तर एकदा वेलीच्या बुडाशी वाकून पाहा. जमिनीपासून थोड्या उंचीवर खोडाला कलमाचा सांधा दिसेल. वर थॉमसन सीडलेससारखी गोड जात, आणि खाली बहुधा डॉगरिज, म्हणजे टेक्ससकडील रानवेलींतून निवडलेला खुंट. फळ एकीचे, पाय दुसरीचे!

ही सोयरीक प्रथम मोठ्या प्रमाणावर जुळली ती फ्रान्समध्ये, संकटापोटी. १८६० नंतर तेथील मळे वाळू लागले. मेलेल्या वेली उपटून पाहाव्यात, तर मुळांवर काहीच नाही. १८६८ साली प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या हिरव्या वेली उकरल्या, तेव्हा माव्याच्या जवळचा एक सूक्ष्म पिवळा किडा सापडला. तोच अमेरिकेतून आलेला फायलोक्झेरा.

हा किडा रस शोषतो. पण वेलीचा घात तो एकटा करीत नाही. त्याच्या दंशाने जाड मुळांवर गाठी येतात, त्या तडकतात, आणि त्या जखमांतून फ्युजेरियम, पिथियम यांसारख्या मातीतील बुरश्या आत शिरतात. मूळ कुजते ते त्यांच्यामुळे. अमेरिकन वेलींनाही हा किडा डसतो. मात्र त्यांची मुळे जखमेखाली बुचासारखा थर धरतात, आणि बुरशीची वाट तेथेच अडते.

हा बंदोबस्त सर्वच खुंटांत सारखा नसतो. कॅलिफोर्नियात एएक्सआर-१ हा निम्म्या युरोपीय रक्ताचा खुंट, अन्यत्र नापास झालेला असूनही, भरघोस उत्पन्नाच्या मोहाने सर्रास लावला गेला. १९८० नंतर नापा-सोनोमा खोऱ्यांतील वेली खंगू लागल्या आणि हजारो एकर बागा उपटाव्या लागल्या.

आपल्याकडे खुंट आला तो या किडीच्या भयाने नव्हे. पाण्याची टंचाई व खारवट जमीन ही त्याची कारणे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, १९९७ मध्ये ते स्थापन झाल्यापासून, निरनिराळ्या खुंटांचा अभ्यास होत आला आहे; तरी डॉगरिजवरची आपली भिस्त मोठी, आणि मला ती थोडी धास्तीची वाटते. फायलोक्झेरा वाळूत तगत नाही. भेगाळणाऱ्या चिकणमातीत मात्र तो मुळामुळांवर हिंडतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कशी फाटते, हे बागाईतदारांना मी काय सांगावे?

तेव्हा परदेशाहून परतणाऱ्या कोणा आप्ताने हौसेने पिशवीत घालून नव्या जातीची चार मुळ्यांची रोपे आणलीच, तर ती बागेत लावू नका. सरकारी तपासणी व विलगवास यांतून आलेलीच काडी घ्या.