लाइन आली, लाइन लागली, लाइन मारली!

इअरफोन नीट लावा, कारण आज फक्त एकाच शब्दावर बोलायचंय. शब्द इंग्रजी आहे, पण अख्खा खानदेश तो रोज वापरतो. तो शब्द म्हणजे 'लाइन'.

मी बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या कामात लाइन म्हणजे कोडची एक ओळ. पण जळगावकडे केळीच्या बागेत कुणी विचारलं, "लाइन उनी का रे?" तर तिथे लाइन म्हणजे वीज. भुसावळ जंक्शनवर लाइन म्हणजे रूळ. रेशन दुकानासमोर रांग. ठिबकची मेन लाइन म्हणजे पाइप. आणि कॉलेजच्या गेटवर कोण कुणाला लाइन मारतं, ते मी सांगायला नको!

मग आपला गोंधळ का होत नाही? कारण आपण नुसता शब्द ऐकत नाही, त्याच्या शेजारचं क्रियापद ऐकतो. येते-जाते ती वीज. लागते ती रांग. टाकतात तो पाइप, नाहीतर रूळ. आणि पोरगा 'वाईट लाइनला लागला' म्हणजे संगत बिघडली. बघा, 'लाइन लागली' आणि 'लाइनला लागला', एका 'ला'ने किती फरक पडला!

या शब्दाचं मूळ तर शेतातच आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस, ज्याची आपण चटणी खातो. त्याच्या खोडातल्या धाग्यापासून लिनन कापड बनतं. त्यावरूनच 'लिनिया' म्हणजे दोरा, आणि मग सरळ रेघ. म्हणजे आपला गवंडी 'लाइनदोरी' म्हणतो, तेव्हा खरं तर तो दोरी-दोरीच म्हणत असतो.

आम्हा आयटीवाल्यांची 'डेडलाइन' मात्र भयानक आहे. 1864 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. तिचं नाव डेडलाइन. आपली हुकली तर फक्त मॅनेजरचा फोन येतो.

आता जरा सिरीयस. शब्दाचा अर्थ एक असला तरी त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. धुळ्याचं स्टेशन म्हणजे चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याचं शेवटचं टोक. गाडी पुढे जातच नाही. 2 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर नव्या लाइनला मंजुरी दिली. 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, आणि वाटेत धुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जळगाव–मनमाड चौथ्या लाइनलाही मंजुरी मिळाली. म्हणजे जळगावला लाइन म्हणजे आहे त्यात अजून एक, आणि धुळ्याला लाइन म्हणजे पुढे जायचा रस्ता.

विजेचंही तसंच. शहरात लाइन गेली तर वायफाय बंद, आपली चिडचिड. शेतीची लाइन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो, आणि अंधारात साप असतो, कुठे बिबट्याही असतो. दिवसा वीज मिळावी म्हणून 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' आहे. तिचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला. यातली 'वाहिनी' म्हणजे सरकारी मराठीतली आपली लाइनच! म्हणून घरून फोन आला आणि "आज रातले लाइन शे" असं ऐकलं, तर ती नुसती माहिती नसते. त्यात एक जागरण असतं.

इंटरव्ह्यूच्या भीतीने इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, एवढंच सांगतो. एका शब्दाचे दहा अर्थ पाठ करू नका. तो कुणाच्या तोंडी आहे आणि शेजारी कोणता शब्द आहे, ते बघा. 'लाइन'च्या बाबतीत तुम्ही हे लहानपणापासून करताय, आणि एकदाही चुकला नाहीत.

तुमच्या गावात 'लाइन'चा आणखी वेगळा अर्थ असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात 'सेटिंग' या शब्दावर बोलू. हसू नका, मोबाइलची सेटिंग म्हणतोय! भेटूया.